हिरवं पान, बदामाचं कूट आणि कावेरीकाठची फोडणी

तंजावरहून तिरुवैयारुला जाताना जेमतेम १३ किलोमीटरच्या वाटेत पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. दोन्ही अंगांना भातखाचरं, केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मळे. संत त्यागराजांचं बहुतेक आयुष्य याच गावात गेलं आणि ६ जानेवारी १८४७ रोजी, पौष वद्य पंचमीला, इथेच त्यांनी देह ठेवला. त्या तिथीला आजही शेकडो गायक-वादक कावेरीकाठी एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. मराठी रसिकाला तिरुवैयारु ठाऊक असतं ते एवढ्यासाठी.

खाण्याच्या शौकिनांनी मात्र या मुलखाकडे आणखी एका कारणासाठी बघायला हवं. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. जवळजवळ १८० वर्षं कावेरीच्या पाण्यावर मराठी चूल पेटत होती. त्या चुलीवर काय शिजलं याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. मला कौतुक आहे ते जे शिजलंच नाही त्याचं, म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढल्या जाणाऱ्या कच्च्या, करकरीत, आंबट-तिखट कोशिंबिरी-पचड्यांचं. सॅलड ही परदेशातून आलेली, वजन कमी करणाऱ्यांची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचावंच. आपल्याकडे सॅलड होतं, त्याचं ड्रेसिंग होतं, आणि त्या ड्रेसिंगमागे पक्कं रसायनशास्त्रही होतं. त्यात बदाम घातला की काय बहार येते, तेही सांगते.

एका डाळीची दोन रूपं

तिरुवैयारुची मिठाई म्हणजे ‘अशोका’. मुगाची डाळ शिजवून, घोटून, तूप-साखर आणि थोडी कणीक घालून केलेला केशरी, तुपाने चमकणारा हलवा. गावातली हलव्याची दुकानं त्यासाठी नावाजलेली आहेत. आता तीच मुगाची डाळ शिजवू नका. अर्धा-पाऊण तास नुसती पाण्यात भिजवा, निथळा, त्यात बारीक चिरलेली काकडी, ओल्या नारळाचा चव, हिरवी मिरची, लिंबू घाला आणि वर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्या. झाली कोसुमल्ली! गोडाच्या टोकाला अशोका, सॅलडच्या टोकाला कोसुमल्ली, आणि डाळ तीच.

रामनवमीला तमिळनाडूत घरोघरी गुळाचं पानकम, पातळ ताक आणि ही भिजवलेली डाळ वाटतात. आपल्याकडे त्याच चैत्रात, गौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ असते. तिकडे मूग, इकडे हरभरा; तिकडे लिंबू, इकडे कैरी. उन्हाळ्याच्या तोंडावर न शिजवलेली डाळ आणि आंबटगोड पेय देण्याची अक्कल मात्र दोन्हीकडे सारखीच.

पोथीतली भाजी

१७व्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मूळचे कोकणच्या बाजूचे, समर्थ रामदासांशी स्नेह असलेले, आणि व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेले. धान्यं, डाळी, फळं, दूधदुभतं आणि पालेभाज्या, एकेकाचे गुणदोष त्यात सांगितले आहेत. थोडक्यात, आज मासिकांत येतं तसं ‘काय खावं, का खावं’ सदर तेव्हाही होतं आणि ते एका मराठी माणसाने चालवलं होतं.

दुसरी पोथी सरफोजीराजांच्या काळातली. हे दुसरे सरफोजी, राज्यकाळ १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभरून वाढवलं, औषधांसाठी धन्वंतरी महाल काढला, आणि १८०६ मध्ये स्वतःच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. त्यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने जतन झाल्या आहेत. स्वयंपाक हा लिहून ठेवण्याजोगा विषय आहे असं वाटणारा राजा मला फार मोठा वाटतो.

सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात लागला, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथाच आहे. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे डांगर. उडदाचं पीठ, दही, हिंग, मिरची. महाराष्ट्रात आपण ते कांदा घालून, वर कच्चं तेल सोडून भाकरीशी खातो. तंजावर-कुंभकोणमच्या घरांत ते ‘डांगर पचडी’ म्हणून भाताशी वाढतात, नावासकट.

शेंगदाणा नव्हता तेव्हा

आज कोशिंबीर म्हटली की दाण्याचं कूट आलंच. पण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या शेतांत त्याचा खरा पसारा झाला तो १९व्या शतकात. व्यंकोजीराजांच्या ताटातल्या कोशिंबिरीला दाण्याचं कूट असण्याचा संभव नाही. मग दाटपणा, स्निग्धपणा कुठून यायचा? तीळ, खोबरं, कारळे, जवस यांतून. तंजावरकडच्या कोशिंबिरीत आजही कुटापेक्षा ओल्या नारळाचा चवच पुढे असतो, कारण नारळ परसात आहे.

तेव्हा कोशिंबिरीत दाण्याऐवजी बदाम घातला म्हणून परंपरा मोडते, असं कुणी म्हणालं तर खुशाल हसून सोडून द्या. कूट बदलत आलंय. पुढेही बदलेल.

आपलं अस्सल हिरवं सॅलड

पचडी आणि घोळाणा. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत मेथीची कोवळी पानं, कांद्याची पात, कोवळी करडई, हरभऱ्याचे शेंडे, जे हाताशी येईल ते बारीक चिरायचं, त्यावर दाण्याचं कूट, लाल तिखट, मीठ घालायचं आणि घाण्याचं कच्चं तेल सोडायचं. हाताने कालवायचं. भाकरीशी खायचं. गॅस पेटवायची गरज नाही. मुळ्याच्या पाल्याची पचडी याच घराण्यातली, फक्त तिला दही किंवा लिंबू आणि वरून फोडणी.

यातलं कच्चं तेल आणि कूट केवळ चवीसाठी नाही. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला. पालक, लेट्यूस, टोमॅटो, गाजर यांचं तेच सॅलड तीन प्रकारे खायला दिलं: बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर, थोड्या तेलाच्या आणि भरपूर तेलाच्या. मग रक्त तपासलं. बिनतेलाचं सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात भाजीतली कॅरोटिनॉइड द्रव्यं जवळजवळ उतरलीच नव्हती. तेल वाढलं तशी ती वाढली. ही द्रव्यं स्निग्धात विरघळतात. तेल नसेल तर पान पोटात जातं आणि त्यातलं बीटा कॅरोटीन तसंच बाहेर पडतं.

डाएटच्या नावाखाली कोरडा पाला चावणाऱ्या माझ्या तमाम मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते. घोळाण्यावर तेलाची धार सोडणाऱ्या बाईने ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय जपली, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

लिंबाचंही तेच. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज उचलता येत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. पिळलेली फोड कामाची असते.

मोहरी नाकात का चढते?

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मराठी स्वयंपाकघरात मोहरी दोन तऱ्हांनी वापरतात. एक तडतडलेली, फोडणीची. दुसरी फेसलेली: पाटा-वरवंट्यावर किंवा खलात पाण्याचा शिपका मारून इतकी वाटायची, घोटायची की तिचा दर्प नाकातून थेट डोक्यात जातो. आंब्याचं रायतं, मोहरी लावलेली काकडी, लोणच्याचा खार, सगळीकडे ही दुसरी.

दाणा तोच, मग फोडणीतली मोहरी खमंग आणि फेसलेली झणझणीत कशी? मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतोच. सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका ठिकाणी आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या ठिकाणी असतं. दाणा फुटला, पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारं तेल जन्माला येतं. हे विकर उष्णतेने मरतं. गरम तेलात पडलेल्या मोहरीत ते आधीच संपतं, म्हणून फोडणी नाकाला झोंबत नाही.

यातून तीन गोष्टी हाताशी लागतात. मोहरी थंड पाण्यात फेसायची, कोमट-गरम पाण्यात कधीच नाही. फेसल्यावर दहाएक मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे तिखटपणा चढतो. आणि दही किंवा लिंबू घालायचं ते त्यानंतर, कारण आंबटामुळे विकराचं काम मंदावतं. आधीच घातलं तर मोहरी कडवट, मवाळ राहते. ‘मोहरी आधी चढू दे, मग दही घाल,’ असं सांगणाऱ्या आज्या बरोबरच सांगत होत्या.

मोहरीचा आणखी एक गुण फ्रेंच आचाऱ्यांना ठाऊक आहे आणि आपल्यालाही असायला हवा. तिच्या सालीतला चिकट अंश तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतो. नुसतं तेल आणि लिंबू फेटलं की पाच मिनिटांत वेगळं होतं. त्यात चमचाभर फेसलेली मोहरी घातली की मिश्रण दाट, एकजीव राहतं. यासाठी मोहरीची डाळ न घेता सालीसकट अख्खी मोहरी घ्यावी.

बदाम कोण, कुणाचा?

बदाम गुलाबाच्या कुळातला. पीच, जर्दाळू, आलूबुखार हे त्याचे सख्खे चुलतभाऊ. जर्दाळूची कवची फोडून आतली बी बघितली आहे? हुबेहूब छोटा बदाम. फरक इतकाच की जर्दाळूचा आपण गर खातो आणि बदामाची बी.

आणि कोकणात, तंजावरच्या रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या अंगणात दिसणारं ते लाल होणाऱ्या मोठ्या पानांचं, मजल्यामजल्याने पसरणारं देशी बदामाचं झाड? ते या बदामाचं कुणीच नाही. ते हिरडा, बेहडा आणि अर्जुनाच्या कुळातलं. तमिळ लोक त्याला ‘नाट्टु वादुमै’, म्हणजे गावठी बदाम म्हणतात. दगडाने फोडून आतली बारीक गिरी खाण्याचा उद्योग ज्यांनी लहानपणी केला, त्यांना तिची चव माहीत आहे. खायला चांगली, मिळायला मुठीत चार!

खऱ्या बदामाच्या झाडाला थंडी लागते. हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास मिळाले नाहीत तर नीट फुलत नाही. म्हणून काश्मीरात, श्रीनगरच्या बदामवारीत वसंताच्या सुरुवातीला पांढरी-गुलाबी बहार येते, आणि कावेरीच्या खोऱ्यात हे झाड धरत नाही. तंजावरच्या लग्नात बदाम हलवा मानाचा होण्याचं एक कारण हेच. बदाम नेहमी दुरून यायचा.

आजही दुरूनच येतो. जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात, आणि त्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. फेब्रुवारीत तिथल्या बागा फुलल्या की परागीभवनासाठी देशभरातून मधमाश्यांच्या २० लाखांहून जास्त पेट्या ट्रकांवर लादून आणतात. बदामाच्या ड्रेसिंगमध्ये थोडा मध घालते तेव्हा मला त्या माश्या आठवतात. दुकानात मिळणारे ममरा आणि गुरबंदी मात्र वेगळे. ममरा आखूड-फुगीर, सुरकुतलेला. गुरबंदी अफगाणिस्तानचा, बारका, तेलकट. ड्रेसिंगला गुरबंदी सुरेख, पण त्यात अधूनमधून कडू दाणा निघतो.

कडू बदाम म्हणजे थट्टा नव्हे. त्यातलं अमिग्डॅलिन चावल्यावर हायड्रोजन सायनाइड सोडतं. रानटी बदाम असाच विषारी असतो. झाडाच्या एका जनुकातल्या एवढ्याशा बदलाने तो गोड झाला, हे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी नेमकं दाखवलं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गोड बदामाचं झाड ओळखलं आणि जपलं, म्हणून आपल्याला मूठभर बदाम निर्धास्त खाता येतात. कडू दाणा तोंडात आला तर गिळू नका. वाटणात घालण्याआधी गुरबंदीचे दाणे चाखून घ्या.

दाणा की बदाम?

खरं सांगायचं तर दाण्याला कमी लेखायचं कारण नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २६ ग्रॅम प्रथिनं, बदामात २१. या बाबतीत दाणा जिंकतो, तेही कितीतरी कमी पैशांत. बदाम पुढे जातो तो ई जीवनसत्त्वात (सुमारे २५ मिलिग्रॅम, दाण्यात ८) आणि कॅल्शियममध्ये (२७० मिलिग्रॅमच्या आसपास, दाण्यात ९०). चवीलाही फरक आहे. दाण्याचं कूट स्वतःची चव रेटतं; बदाम मागे राहून पानाला बोलू देतो. मेथीसारख्या दांडग्या भाजीला दाणा, कोवळ्या पालकाला, काकडीला, केळीच्या गाभ्याला बदाम, असा माझा कौल.

कॅलरींची धास्ती वाटत असेल तर एक दिलाशाची गोष्ट. २०१२ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याच्या संशोधकांनी मोजलं, तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या. पाकिटावर १७० लिहिलेल्या असतात! बदामाच्या पेशींच्या भिंती टणक, आतलं सगळं तेल पचनात मोकळं होत नाही. पण सांभाळून, हे अख्ख्या बदामाचं. वाटून गुळगुळीत केला की भिंती फुटतात आणि तेल मोकळं होतं. कुटाला ही सवलत कमी, वाटणाला त्याहून कमी.

भिजवलेल्या बदामाबद्दलही बोलायला हवं. रात्रभर भिजवल्याने त्यातलं फायटेट जातं आणि पोषण वाढतं, असं सर्रास सांगतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात हे तपासलं, तेव्हा म्हणावा तसा फरक आढळला नाही. तरी मी ड्रेसिंगसाठी भिजवतेच, कारण साल चटकन निघते आणि वाटण लोण्यासारखं होतं. घाई असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, निथळा आणि चिमटीत दाबा. दाणा सालीतून सुळकन निसटतो. मुलांना हे काम द्या, दहा मिनिटं कुणी मोबाइल मागत नाही.

बोटाला गुंडाळलेला धागा

तिरुवैयारुच्या आसपास केळी इतकी की केळफूल, कच्ची केळी, पान आणि गाभा, सगळंच रोजच्या वापरात. गाभ्याला तमिळमध्ये ‘वाळैत्तंडु’ म्हणतात. महाराष्ट्रातही केळीच्या बागा कमी नाहीत, पण घड उतरला की आपण खोड टाकून देतो. मला याची खरंच हळहळ वाटते. इतकं थंड, करकरीत, काकडी आणि कोवळ्या मुळ्याच्या मधली चव असलेलं सॅलड आपण शेतात कुजवतो.

गाभा कसा चिरतात ते नीट बघण्यासारखं आहे. बाहेरचे थर सोलत सोलत आत गेलं की मनगटाएवढा, हस्तिदंती रंगाचा दांडा मिळतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या. प्रत्येक चकती सुटी करताना चाकूबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ओढले जातात. ते डाव्या हाताच्या तर्जनीवर गुंडाळत जायचं. चकती, वेढा, चकती, वेढा. शेवटी बोटावर पांढरी अंगठी तयार होते. ती काढून टाकायची. चकत्या एकावर एक रचून बारीक चिरायच्या आणि लगोलग ताकात टाकायच्या. हवा लागली की गाभा काळा पडतो, कारण कापलेल्या पेशींतलं विकर हवेतल्या प्राणवायूशी मिळून रंग बदलतं. ताकाचा आंबटपणा त्याला आवर घालतो. सफरचंदाला लिंबू चोळतो, ते याच कारणासाठी.

आता ड्रेसिंग करूया

मोहरी-बदामाचं: एक चमचा अख्खी मोहरी चिमूटभर मीठ आणि दोन चमचे थंड पाणी घालून खलात फेसा, दहा मिनिटं ठेवा. बारा भिजवलेले, सोललेले बदाम चार चमचे पाण्याबरोबर गुळगुळीत वाटा. दोन्ही एकत्र करा, अर्धी वाटी घट्ट गोडसर दही, अर्धा चमचा साखर घालून फेटा. ताकातून काढून निथळलेल्या केळीच्या गाभ्यावर किंवा चोचवलेल्या काकडीवर घाला. काकडीचं देठाकडचं टोक कापून टाका, कडूपणा तिथेच जास्त असतो.

हिरवं बदामाचं: वीस सोललेले बदाम, दोन चमचे ओला नारळ, मूठभर कोथिंबीर, एक हिरवी मिरची, पेरभर आलं, दोन चमचे लिंबाचा रस, मीठ, पाव वाटी पाणी. मिक्सरमधून काढा. कोवळा पालक, कोबी, काकडी, उकडलेलं बीट यांपैकी कशावरही. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. नारळ आहे, त्याहून जास्त ठेवू नका.

चिंच-गुळाचं: चिंचेचा कोळ दोन चमचे, गूळ एक चमचा, भाजून भरड कुटलेले दहा बदाम, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट, आणि कावेरीकडे वापरतात तसं घाण्याचं तिळाचं तेल एक चमचा. मुळ्याच्या पाल्यावर घालून बघा. पाल्याचा उग्रपणा आणि गूळ यांचं छान जमतं.

घोळाणा बदामाचा करायचा असेल तर बदाम मंद आचेवर कोरडे भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच कुटा. गरम असताना मिक्सर फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. कूट रवाळ हवं, पीठ नको. दाताखाली कण यायला हवा. बदामाच्या तेलातला मोठा वाटा ओलेइक आम्लाचा, म्हणून अख्खा बदाम अक्रोडापेक्षा जास्त दिवस टिकतो. कुटाला मात्र हवा लागते आणि ते खवट होतं. आठवड्यापुरतंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पंगतीला वाढणार असाल तर बदाम घातल्याचं आधी सांगा. काहींना त्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते.

तेल आयत्या वेळी

पानं मरगळतात ती मिठाने, असं आपण मानतो. निम्मं खरं आहे. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळतात. पण पालेभाजीचं पान तेलानेही मरगळतं, आणि चटकन. पानावर मेणाचा पातळ थर असतो. पाणी त्यावरून ओघळून जातं. तेल त्याच्यातून आत शिरतं. म्हणून घोळाणा आधी कालवून ठेवत नाहीत. भाकरी तव्यावरून उतरली की मगच तेलाची धार!

आणि पानं कोरडी करा. तीन पाण्यांनी धुवा, कच्ची खायची आहेत म्हणून हयगय नको, मग सुती पंच्यात गुंडाळून झटका. ओल्या पानाला ड्रेसिंग धरत नाही, सगळं भांड्याच्या तळाशी जमतं.

जगात बदाम कुठे कुठे

स्पेनच्या मालागा भागात उन्हाळ्यात ‘आहो ब्लांको’ पितात: बदाम, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि गार पाणी वाटून केलेलं पांढरंशुभ्र सार, वर हिरवी द्राक्षं. त्याच देशाच्या तारागोना भागात भाजलेल्या कांद्याच्या पातीबरोबर बदाम घातलेली रोमेस्को चटणी खातात. पात आणि बदाम! आपल्या घोळाण्याची ही जोडी तिकडेही जमली, याचा मला फार आनंद झाला होता. सगळ्या जगात गाजलेलं सीझर सॅलड १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआना गावात सीझर कार्डिनी या इटालियन गृहस्थांनी शिल्लक जिन्नसांतून उभं केलं, असं सांगतात. म्हणजे ते आपल्या मेथीच्या पचडीच्या मानाने पोरसवदाच.

बदाम पाण्यात वाटला की दूध का होतं? बीमध्ये तेल एकसंध साठलेलं नसतं. प्रथिनांच्या पातळ आवरणात गुंडाळलेले अतिसूक्ष्म थेंब असतात. वाटलं की ते थेंब आवरणासकट पाण्यात तरंगू लागतात आणि पाणी पांढरं दिसतं. म्हणूनच बदामाच्या वाटणात तेल आणि आंबट सहज मिसळतं, अंडं लागत नाही. शाकाहारी घरात मेयोनीजला याहून चांगला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

आणि शेवटचं हिरवं पान

तिरुवैयारु, पापनाशम, कुंभकोणम या पट्ट्यातल्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये ‘कुंभकोणम वेट्रिलै’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. पान पातळ, मऊ, मोजकं तिखट. विड्यातच खाल्लं पाहिजे असं कुठे आहे? शिरा काढून, गुंडाळी करून केसासारखं बारीक चिरा आणि काकडी-नारळाच्या कोसुमल्लीत दोन पानं मिसळा. वर भाजलेल्या बदामाचे काप.

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुला जाणार असाल तर ही सगळी हिरवाई ऐन भरात असते, आणि तेव्हाच आपल्याकडे मेथी, हरभरा, कांद्याची पात कोवळी असते. गायन ऐका, अशोका बांधून घ्या आणि येताना बाजारातून हातभर गाभाही उचला. ओल्या फडक्यात गुंडाळला तर प्रवासात टिकतो. फक्त चिरेपर्यंत बाहेरचे थर सोलू नका.